अंदमानचा रेट पडू दे

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात किस्से शोधायला जावं लागत नाही. चहा येईपर्यंत एक घडतो, चहा संपेपर्यंत त्याला दुसरा फुटतो, आणि तेवढ्यात फोन वाजला की दोन्ही अर्धवट राहतात. आमच्या कळंबोलीच्या ऑफिसात असे अर्धवट किस्से इतके साचलेत की कुणीतरी बसून ते पुरे करायला हवेत. बाकीच्यांना वेळ नसतो. मी बिलिंगला आहे, महिन्याचा पहिला आठवडा उलटला की मला जरा उसंत मिळते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

आज फक्त अंदमानचे सांगते. त्यासाठी माणसं तीनच लक्षात ठेवायची. गाड्या ठरवणारे गायकवाडकाका, त्यांची बायको शालनकाकू, आणि दिवसभर गाड्यांच्या मागे धावणारा, बोनकोड्याचा भोईर. चौथी मी, वर्षा. काका-काकू आणि मी कामोठ्याला एकाच गल्लीत राहतो, त्यामुळे त्यांच्या घरातलं ऑफिसला आणि ऑफिसमधलं घरी कळायला वेळ लागत नाही.

*

काकांच्या अंगात एकच विद्या आहे. रेट पाडणं.

लोखंड बाजारातून माल उचलून पार्टीकडे, म्हणजे गिऱ्हाइकाकडे, पोचवायचा, हा आमचा धंदा. त्यासाठी रोज गाड्या भाड्याने घ्यायच्या. सकाळी गाडीवाला पुण्याचा जो भाव सांगेल त्याला काका म्हणतात, "बघू." दुपारी तो पुन्हा येतो, काका पुन्हा "बघू." संध्याकाळ झाली, गाडी यार्डात रिकामीच उभी राहिली, की गाडीवाल्याचा धीर सुटतो आणि तो आपणहून खाली येतो. तीस वर्षं काकांनी हेच केलं आणि बहुतेक वेळा ते बरोबर ठरलं. नव्या माणसालाही ते हेच शिकवतात, "घाई करू नको. रेट पडू दे."

चार वर्षांपूर्वी त्यांनी काकूंना अंदमानला न्यायचं ठरवलं. दिवाळीच्या सुट्टीतली विमानाची तिकिटं मी त्यांना ऑगस्टमध्येच कॉम्प्युटरवर काढून दाखवली. काका म्हणाले, "बघू." सप्टेंबरमध्ये भाव चढला. काका म्हणाले, "पडंल." दिवाळी दहा दिवसांवर आली तेव्हा तिकीट दुप्पट झालं होतं. काकांनी खुर्ची ओढून स्क्रीनला नाक लावलं आणि मला समजावलं, "हे बघ, रिकामं विमान उडवणं त्यांना परवडंल का? उद्या संध्याकाळी बघ तू. स्वतः फोन करतील."

विमानवाल्यांनी फोन केला नाही. विमान भरून गेलं, आणि काका-काकू दिवाळीला कामोठ्यातच होते.

पुढच्या वर्षी तेच झालं, त्याच्या पुढच्याही. पहिल्या वर्षी जेवढ्या पैशात सहा दिवस आणि दोन बेटं बसत होती, तेवढ्यात चौथ्या वर्षी पाच दिवस बसायला लागले, आणि त्यातला नाश्ताही गेला. मी हे बोलून दाखवलं तर काका म्हणाले, "चढलेला रेट कधी ना कधी उतरतोच." पण त्यांचा आवाज पूर्वीसारखा ठाम नव्हता.

*

आता कुणी विचारेल, अंदमानच कशाला? आमच्या भोईरने विचारलंच. "काकू, समुद्रच बगायचा हाय ना? मी अलिबागला नेतो. सकाली निघू, संध्याकाली घरी."

काकूंनी उत्तर दिलं ते मी अजून विसरले नाही.

काकू मराठवाड्यातल्या. त्यांच्या गावात एक विहीर होती आणि दर उन्हाळ्यात बायका तिच्या कडेला उभ्या राहून आत बघायच्या. "तळ दिसला की समजायचं, संपलं," काकू म्हणाल्या. "मंग कुणी बोलायचं नाही. घागर घेऊन गुमान घरी. लगीन होऊन इकडं आले तर ही खाडी. पाणीच पाणी, पण हात घातला तर हात दिसत नाही."

मग एका लोखंडवाल्या पार्टीचं कॅलेंडर काकांनी घरी नेलं. त्यात मार्च महिन्यावर अंदमानातल्या हॅवलॉक बेटाचा फोटो होता. एक बाई गुडघाभर पाण्यात उभी, आणि पाण्याखाली तिची पावलं स्वच्छ दिसत होती, वाळूसकट. मार्च संपला तरी काकूंनी ते पान उलटू दिलं नाही. काका पुढचे नऊ महिने तारखा मोबाइलवर बघत होते.

"तळ बी दिसतो आन् पाणी बी हाय," काकू भोईरला म्हणाल्या, "असं मला एकदा बघायचंय. त्या पाण्यात उभं राहून आपली पावलं बघायचीत. बास."

भोईरने पुन्हा अलिबागचं नाव काढलं नाही.

पण रेट पडायची वाट बघण्यात दुसरंच काहीतरी उतरत चाललं होतं. काकूंना जुनी शुगर. ती डोळ्यांच्या पडद्यावर गेली. पनवेलच्या डॉक्टरांकडे इंजेक्शनं सुरू झाली. पहिल्या वर्षी काकू तांदूळ निवडत होत्या, तिसऱ्या वर्षी ते काम काकांकडे आलं. गल्लीत मी समोरून गेले तर त्या मला आवाजावरून ओळखायला लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "आहे तेवढी नजर टिकवायचा प्रयत्न करू. गेलेली परत येणार नाही."

*

काकांना हलवलं ते डॉक्टरांनी नाही, एका शब्दाने.

त्या दिवशी काकू इंजेक्शन घेऊन थेट ऑफिसात आल्या होत्या. काका फोनवर एका पार्टीशी भांडत होते. "गाडी काल दुपारपासून तुमच्या गेटावर उभी हाय. माल उतरवून घेत नाहीत तुम्ही. हॉल्टिंग द्यावं लागंल, सांगून ठेवतो."

काकूंनी मला हळूच विचारलं, "हॉल्टिंग म्हंजी?"

मी सांगितलं की गाडी ठरल्या वेळेला पोचली आणि समोरच्याने तिला उभं करून ठेवलं, तर त्या उभं राहण्याची भरपाई द्यावी लागते. एका दिवसाचं एवढं, दोन दिवसांचं एवढं. काकू विचार करत बसल्या. काकांनी फोन ठेवला तशा शांतपणे म्हणाल्या, "मंग माझं किती झालं वो? चार वर्षं उभी हाय मी गेटावर."

भोईरने हातातला कप खाली ठेवला. काका थोडा वेळ कॅल्क्युलेटरकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वर्षा, काढ तिकिटं."

मी साइट उघडली. काका खुर्ची घेऊन शेजारी आले. दोन मिनिटं गेली, आणि अगदी खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "पितृपक्षात काय रेट हाय बघ जरा."

*

खरं सांगायचं तर पितृपक्षाची कल्पना वाईट नव्हती. त्या पंधरवड्यात आमच्याकडे नवा सौदा कुणी करत नाही, गाड्या उभ्या असतात, ऑफिसही सुस्त असतं. फिरायलाही फार कुणी निघत नाही. "आपल्याला कसला आलाय पितृपक्ष," काका म्हणाले. ते बौद्ध, त्यांना अडचण नव्हती. आणि विमान खरोखरच स्वस्त निघालं. काकांच्या चेहऱ्यावर चार वर्षांनी तेज आलं.

पॅकेजमध्ये मात्र दोघांचा रेट महाग आणि चौघांचा डोईमागे स्वस्त होता. काका लगेच म्हणाले, "पार्ट लोड कधी परवडतं का? फुल लोड भरू." अशा रीतीने भोईर आणि मी भरलो गेलो. माझ्या नवऱ्याला सुट्टी नव्हती, पण काकूंसोबत एखादी बाई हवी हे त्याला पटलं. सासूबाईंना पटलं नाही. "पितृपक्षात कुणी समुद्र ओलांडतं का?" त्या दोन दिवस माझ्याशी बेताचं बोलत होत्या. भोईरला निघायच्या दिवशी विचारलं तर तो म्हणाला, "आमचं पितर परवाच जेवून गेलं. आता मी मोकला हाय."

पितृपक्षात रेट का पडतो, याचा विचार आम्ही आपल्या बाजूने पुरता केला. समुद्राच्या बाजूने कुणीच केला नाही. तिकडे त्या दिवसांत पाऊस असतो आणि समुद्र खवळलेला असतो, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं.

*

विमानतळावर भोईरची बॅग पाऊण किलो जास्त भरली. काउंटरवरच्या मुलीने जास्तीच्या वजनाचे पैसे सांगितले. ते ऐकून भोईर म्हणाला, "एवड्यात तं बॅग नवीन येल."

काका पुढे झाले. लोखंडाच्या धंद्यात पहिल्या काट्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. वजन पटलं नाही की गाडी दुसऱ्या काट्यावर नेऊन पुन्हा तोलतात. काकांनी त्या मुलीला अगदी अदबीने विचारलं, "मॅडम, तुमचा काटा पासिंग केलेला हाय का?"

काट्यावर सरकारी शिक्का आहे का, असं त्यांना म्हणायचं होतं, पण तिला काही कळलं नाही. काकांनी बॅग उचलली, तीन काउंटर सोडून पलीकडच्या रिकाम्या काट्यावर ठेवली, आणि तिथून ओरडले, "अर्धा किलो! बघा, पाव किलोचा फरक हाय!"

रांगेतले लोक आपापल्या बॅगांकडे संशयाने बघायला लागले. दोन-चार जण खरोखर बॅगा घेऊन काकांच्या मागे गेले. शेवटी एक साहेब आले आणि त्यांनी आम्हाला तसंच पुढे सोडलं. जाता जाता त्यांनी बॅगेत काय आहे ते विचारलं. भोईर म्हणाला, "सुके बोंबील. तिकडं भेटतील ना भेटतील."

*

पोर्ट ब्लेअरला उतरल्या उतरल्या काकांनी नारळपाणी मागवलं आणि भाव ऐकून नारळ परत ठेवला. मग नारळवाल्याला समजावायला लागले, माझ्या हिंदीपेक्षाही वाईट हिंदीत. कामोठ्याला जो नारळ येतो तो बाहेरून ट्रकने येतो. त्यात गाडीभाडं, टोल, हमाली, सगळं असतं. इथे झाड डोक्यावर आहे. वाहतूक शून्य. मग इथला नारळ महाग कसा?

नारळवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहब, नारियल यहाँ का है. बाकी सब बाहर से आता है. मेरे बच्चे की किताब, चावल, दवा, सब जहाज़ से."

जहाजाचं भाडं म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी चार नारळ घेतले आणि पैसे दिले. इतक्या वर्षांत काकांनी भाव न करता घेतलेली ती पहिली वस्तू असावी.

हॉटेलात काका-काकूंना "सी व्ह्यू" खोली मिळाली. खिडकीतून जनरेटर दिसत होता, त्याच्या पलीकडे पाण्याची एक मोठी निळी टाकी, आणि टाकीच्या वरच्या कडेला बोटभर समुद्र. काकू खिडकीशी आल्या. "कुठंय?" त्यांनी विचारलं. मी बोट दाखवलं. काकूंनी त्या दिशेला बराच वेळ पाहिलं, नेमकं टाकीकडे, आणि समाधानाने म्हणाल्या, "निळा हाय की."

मागे काका बॅगेची चेन उघडत होते, त्यांचा हात तिथेच थांबला.

*

हॅवलॉकची बोट दुसऱ्या दिवशी सकाळची होती. तिथल्या मुक्कामासह ती पॅकेजमध्येच होती. आम्ही जेटीवर पोचलो तर समुद्र खराब म्हणून बोटी बंद. "कल देखेंगे," काउंटरवरचा माणूस म्हणाला. काका त्या शब्दाने दचकले. बघू.

मुक्काम तिकडचा होता, म्हणून इकडचं हॉटेल आम्हाला नव्याने आणि नव्या भावाने घ्यावं लागलं. बोटी बंद असल्यामुळे सगळेच पर्यटक इकडे अडकले होते, आणि पितृपक्षातही रेट संध्याकाळी चढला. जेटीवर लोक भांडत होते. कुणाचा हनिमून, कुणाचं पुढचं विमान, कुणाची लहान मुलं. तिसऱ्या दिवशीही बोट नाही. भोईर मासळीबाजारातून स्वतः सुरमई घेऊन आला आणि हॉटेलवाल्याने ती तळायचे जे पैसे सांगितले त्यात तो दुसरी सुरमई आणू शकला असता. त्याने त्याऐवजी बोंबील काढले. सगळ्या मजल्याला वास सुटला. पण आमच्यापैकी कुणालाही हसू आलं नाही.

त्या दुपारी काका खोलीत नव्हते म्हणून मी शोधत गेले. ते जेटीच्या बाकावर एकटेच बसले होते. मी शेजारी बसले. समोर लाटा धक्क्यावर आपटत होत्या.

"वर्षा," ते म्हणाले, "पहिल्या वर्षी आलो असतो तर तिला सगळं दिसलं असतं. आपणहून दिसलं असतं. मी रेट पाडत बसलो."

मी म्हणाले, "काका, तुम्हाला काय माहीत होतं."

"माहीत होतं की. पडद्याचं पहिल्या वर्षीच कळलं होतं मला. तरी मी म्हणलो, बघू." त्यांनी रुमाल काढला, नाक पुसलं. "सवय वाईट."

मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. आमच्या धंद्यात ज्याला थांबता येतं तो जिंकतो, हे मीही इतकी वर्षं कौतुकाने बघत आले होते. घरात कोण उभं आहे, हे मीही विचारलं नव्हतं. आम्ही दोघं उठून परत आलो. काकू खोलीत एकट्याच, पाय खाली सोडून पलंगावर बसल्या होत्या. "सुटली का वो बोट?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "उद्या सुटतीय." त्यांना तसं कुणीही सांगितलं नव्हतं.

*

पण चौथ्या दिवशी खरंच सुटली. पाचव्या दिवशी सकाळी आमचं परतीचं विमान होतं, म्हणजे त्याच दिवशी दुपारच्या बोटीने मागे फिरणं भाग होतं. हातात तीन तास. बोट इतकी हलत होती की भोईरसारखा खाडीकाठचा माणूस डोळे मिटून बसला. काकू मात्र ताठ बसल्या होत्या, खिडकीकडे तोंड करून.

जेटीवरून रिक्षा केली. रिक्षावाल्याने सांगितलेला भाव काकांनी पुरता ऐकूनही घेतला नाही. "चलो," म्हणाले.

किनाऱ्यावर पोचलो आणि मी थांबले. तीन दिवसांच्या पावसाने डोंगरावरची माती ओढ्याने खाली आणली होती. कॅलेंडरवरचं पाणी नव्हतंच. जवळजवळ आमच्या ऑफिसच्या चहासारखं, तांबूस, ढवळलेलं. भोईर चपला काढून आधी आत शिरला. गुडघाभर पाण्यात जाऊन त्याने खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहून मान हलवली. ते काकांनीही पाहिलं.

काकू माझा हात धरून वाळूत उभ्या होत्या, दुसऱ्या हाताने साडीचा काठ वर खोचत. "कसं हाय पाणी?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "काच हाय, काच. चल."

त्यांनी काकूंचा हात माझ्याकडून घेतला. दोघं हळूहळू आत गेली, आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. मी मागोमाग होते. मी खाली पाहिलं, मला माझी पावलं दिसली नाहीत. काका बोलत होते, भराभर, फोनवर कधी इतकं बोलले नसतील. "बघ खाली. तळ दिसायलाय. वाळू बघ कशी पांढरी हाय. त्यो बारका मासा गेला बघ. तुझी पावलं बघ, कशी दिसायलीत."

काकूंनी मान खाली घातली. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. एक लाट आली, त्यांची साडी भिजली, तरी हलल्या नाहीत. भोईर पाठ फिरवून समुद्राकडे बघत राहिला. माझे डोळे भरून आले होते, मी ते पुसलेही नाहीत.

"दिसली," काकू म्हणाल्या.

काकांनी मोठा श्वास सोडला.

"माझी बी दिसली आन् तुमची बी," काकू म्हणाल्या. "अंगठ्याचं नख किती वाढलंय तुमचं. कापत कामून नाहीत?"

काकांनी पँट आणखी थोडी वर ओढली, आणि त्या गढूळ पाण्यात खाली वाकून आपला अंगठा शोधायला लागले.